कुत्र्याचं पान

श्रीरंग,

तू गेल्यापासून मला सगळ्यात जास्त चीड येते ती लोकांच्या शब्दांची. तुझ्या कॉलेजातल्या शोकसभेत एकाने खिशातून कागद काढून वाचला: मनमिळाऊ, हसतमुख, विद्यार्थिप्रिय, कर्तव्यदक्ष. हा कागद त्यांच्याकडे तयारच असणार, फक्त नाव भरायचं. पहिल्या रांगेत बसून मी विचार करत होते, की मेलंय कोण नक्की? तुला मनमिळाऊ म्हणणारा तुझ्याशी एकदाही कॅरम खेळलेला नाही. आणि कर्तव्यदक्ष? चाचणीचे पेपर तू आपल्या ओट्यावर ठेवायचास आणि त्यांच्यावर फोडणीचे शिंतोडे उडाले की त्या पोराला दोन मार्क वाढवून द्यायचास.

अकोल्याला, जठारपेठेतल्या तुमच्या घरी तर रोज नवा माणूस येऊन तेच ऐकवायचा. देवाला चांगली माणसं आवडतात. एका आजोबांनी हे मला तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा, मग तुम्ही एवढे कसे टिकलात, असं तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही. हा माझा संयम नोंदवून ठेव, एरवी तुझा विश्वास बसायचा नाही.

मात्र तू कशाने गेलास हे त्यांच्यापैकी एकालाही बोलायचं नव्हतं. "ताप आला अन् गेला." जणू ताप म्हणजे बस, आली आणि तू बसून गेलास. आणि तुमच्या वकीलकाकांनी तर दुसऱ्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता: "कुत्र्यानं नेलं पोराले."

म्हणून धबधब्याच्या त्या दिवसाबद्दल मी लिहिते आहे. बाकीच्यांनी त्याचं पार वाटोळं केलंय.

श्रावण होता, धो धो पाऊस, आणि तुला धबधबा बघायचा होता. चिखलदऱ्याला नको, तिथे माणसांचाच धबधबा असतो, म्हणून घाटाच्या खाली, एका कोरकू आदिवासी गावाच्या मागे. सलीमभाईने व्हॅन दिली. त्याच्या टायरच्या दुकानासमोर किल्ली हातात ठेवत तो म्हणाला, "भाभी, कुत्र्याचा वास आला तं चालते, पण गाडीत पत्रकं नका सोडू. मागच्या टायमाले एक अब्बाच्या हाती लागलं, अन् ते काठी घेऊन मोर्चाले निघाले."

तुझी अटही तीच होती. आज पत्रक नाही, भाषण नाही, फक्त पाणी. मी हो म्हटलं आणि एक गठ्ठा सीटखाली सरकवला. परतवाड्याला चहाला थांबलो तेव्हा तुला तो सापडला. 'ताप अंगावर काढू नका.' आमच्या संघटनेचं आरोग्याच्या हक्कावरचं पत्रक, तुझ्याच हातून तपासून गेलेलं. 'निर्लज्ज, निर्ढावलेला आणि निर्घृण कारभार' यातले दोन शब्द तू खोडले होतेस. वर म्हणाला होतास, "पुढारी, एकच ठेव. तीनदा शिवी दिली की माणूस शिव्या मोजत बसते, वाचत नाही." तर तो गठ्ठा तू मागच्या सीटवर पसरलास आणि आपल्या कुत्र्याला, ओल्या ठेसाला, त्यावर बसवलंस. ठेसा ऐटीत बसला. अमरावतीच्या बसस्टँडवरून उचललेलं, एक कान फाटलेलं ते कुत्रं माझ्या चळवळीवर बसून परतवाड्यापासून पुढे खिडकीबाहेर बघत आलं.

गावाच्या मागून वाट निघते. गवत कमरेच्या वर. ठेसा पुढे, त्याची फक्त शेपटी दिसायची, तीही मधूनच नाहीशी व्हायची, आणि मग तू एवढ्या मोठ्याने हाक मारायचास की मला वाटायचं, धबधबाच थांबेल. तुझ्या बुटांत पाणी गेलं. तू ते काढून गळ्यात अडकवलेस. एका वळणावर आवाज आला, आधी आवाजच, मग गार हवा, आणि मग समोर पांढरं काहीतरी, धुकं की पाणी ते कळेना. ठेसा जागच्या जागी बसला. त्याने आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. एकदा भुंकला, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा भुंकला. तू माझ्या कानात ओरडलास, "तुझ्यासारखंच आहे, पाण्याशी भांडून राहिलं."

हे बरोबर होतं. हे मी मान्य करते. यापुढचं नाही.

खाली दगडांवर ती पोरं बसली होती. स्पीकर, बाटल्या, एकाने तर बाटली दगडावर फोडून दाखवली, का, तर आवाज येतो का बघायला. मी खाली उतरले आणि सुरू झाले. तुझ्या अटीचं काय झालं ते विचारू नको. पोरं दात काढत होती. एक म्हणाला, "ताई, रील बनवू का तुमची?" मी त्याला काय म्हटलं ते इथे छापता यायचं नाही.

आणि तू? तू शर्ट काढून पिळलास, खांद्यावर टाकलास आणि सरळ त्यांच्यात जाऊन दगडांलगतच्या गवतात फतकल मारून बसलास. "काय रे, कुठचे तुमी? हे कुत्रं धरा जरा. पाय कापला तं दवाखाना परतवाड्याले आहे, अन् हे वजनदार आहे, उचलून तुमालेच न्यावं लागीन." पोरांनी ठेसाकडे पाहिलं. मग काचांकडे. मग ज्याने बाटली फोडली होती तोच उठून काचा वेचायला लागला. तू त्यांच्याकडचे शेंगदाणे खात होतास. स्पीकर चालूच होता!

परतताना गाडीत तू विजयी. भुट्टा खात, काचा धुक्याने भरलेल्या, आणि तुझं सुरू.

"पाहिलं? वेचल्या ना?"

"कुत्र्यासाठी वेचल्या. आपण गेल्यावर दुसरी फोडली असेल."

"असेल. पण तू लोकायले आधी चारचौघांत उघडं पाडतेस, अन् मंग म्हणतेस, कपडे घाल. कोण घालीन?"

"आणि तू त्यांच्यासोबत उघडा बसतोस."

तू एवढा हसलास की भुट्ट्याचे दाणे स्टिअरिंगवर उडाले. वाद मात्र संपला नाही. मी म्हणत होते की खोटं बोलणाऱ्याला, घाण करणाऱ्याला लाज वाटलीच पाहिजे, आणि ती चारचौघांतच वाटते. तू म्हणत होतास की लाजलेला माणूस सुधरत नाही, फक्त आपलं तोंड टाळतो. परतवाड्याला ट्रकांच्या मागे अडकलो तेव्हा तू म्हणालास, "राहिलेलं नंतर." तुझं हे नंतर मला पाठ आहे. गॅसच्या नळीचंही नंतरच होतं.

दहा-बारा दिवसांनी तू आईबाबांना भेटायला अकोल्याला गेलास आणि तिथे तुला ताप भरला. मी अमरावतीहून फोन केला, रक्त तपासून घे. "व्हायरल आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. "पावसाचे दिवस आहेत, सगळ्यायलेच आहे." तिसऱ्यांदा मी ओरडले, तर तू, विज्ञान शिकवणारा माणूस, मला काय म्हणालास? "पुढारी, तापाचं आंदोलन नको करू."

तू. ज्याने ते पत्रक तपासलं होतं. मथळ्यातला काना दुरुस्त केला होतास तू! माझ्या तोंडावर सांगायचास की लोक पत्रक वाचत नाहीत. तुझ्याइतकं बारकाईने ते कोणी वाचलं नव्हतं, आणि तुझ्याइतकं वायाही कोणी घालवलं नाही.

मी अकोल्याला पोचले तेव्हा तू नीट श्वास घेत नव्हतास. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तुझा हात वर केला आणि काखेतली एक काळी खपली दाखवली. विचारलं, "हे गवतात गेले होते का कुठे?" स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किडीचं पिल्लू चावतं, चावलेलं कळतही नाही. साधी गोळी असते, वेळेवर दिली की बहुतेक माणसं घरी जातात. कुत्र्याकडून हा आजार येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलंच नव्हतं. काकांनी विचारलं होतं, तिथेच, माझ्या देखत. आणि तिथून बाहेर पडल्यावर, तू गेल्यावर, याच काकांनी गावाला सांगितलं की कुत्र्याच्या अंगावरून आलं.

मग त्यांची मोहीमच सुरू झाली. ठेसाला नांदगाव खंडेश्वरला कोणाच्या तरी शेतावर सोडून द्यायचं, हे त्यांनी परस्पर ठरवलं. एवढ्यावर भागलं नाही, म्हणून एका माणसाला धरून गल्लीतली सगळी कुत्री फटाके लावून हुसकावली. भुरं, लंगडं, ती पिलंवाली, सगळी. सुतक चालू असलेल्या घरासमोर फटाके, श्रीरंग. आणि आई. आई माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "तुले यायचं तं ये, हे घर तुझंच आहे. ते कुत्रं मात्र माझ्या डोळ्यासमोर नको." मी म्हटलं, ठेसाने काही केलेलं नाही. त्या उठून आत गेल्या. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं: त्या घरात, त्या माणसाच्या तोंडून, एक खरं वाक्य. ते झाल्याशिवाय मी ठेसाला घेऊन त्या दाराशी पुन्हा जाणार नव्हते, आणि ठेसाशिवायही नाही.

तेरवी मात्र तुझी होती, ती चुकवता येणार नव्हती; सलीमभाईने मला व्हॅनमधून आणलं. ठेसाला अमरावतीत ठेवायला कोणी नव्हतं, तो मागे होता. गाडी कोपऱ्यावर उभी केली. सलीमभाई म्हणाला, "जा भाभी, मी बसतो याच्यापाशी. काच खाली ठेवतो. आमी दोघंबी तसे बाहेरचेच."

आत पंगतीची तयारी. पानं मांडलेली, वडे, खीर, आणि ते सगळे मनमिळाऊ-हसतमुखवाले हात धुऊन तयार. बाबांनी गाईचं पान काढलं, कावळ्याचं काढलं आणि कुत्र्याचं पान घेऊन फाटकाशी गेले. ठेवलं. वाट बघितली. बाबांचा आवाज तुला माहीत आहे, मंत्र म्हणून म्हणून घासलेला. "यू यू यू." गल्ली रिकामी. एक कुत्रं नाही. शेपटीसुद्धा नाही.

पंगतीतून कोणी म्हणालं, "ठेवलं म्हंजे झालं, गुरुजी. शास्त्रात ठेवायचंच सांगितलं आहे."

"शास्त्रात असेल," बाबा म्हणाले. "आपल्या घरात तोंड लागल्याबिगर माणसं बसत नाहीत. माझ्या बापानं मोडलं नाही. मी पोराच्या तेरवीले मोडू?"

मला हसू आलं, खरं सांगते. फाटकाला धरून मी हसले. ज्यांनी कुत्र्याला खुनी ठरवलं त्यांचं जेवण कुत्र्यावाचून अडलं होतं! खीर थिजत होती. ते देवाला आवडणाऱ्या माणसांवर भाषण देणारे आजोबा वड्याच्या परातीकडे बघत होते. काका दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, वकिलाचा चेहरा करून, "यू यू" करत. आयुष्यात त्यांनी इतक्या प्रेमाने कोणाला बोलावलं नसेल.

तिसऱ्या खेपेला त्यांना व्हॅन दिसली.

ते माझ्याकडे आले. हळू आवाजात. "सूनबाई, ते... आणलं आहे म्हणते सलीम. दोन मिनिटं घेऊन ये ना. एवढं तोंड लावलं की..."

मला तुझा आवाज ऐकू आला, हे तुला सांगितलं पाहिजे. घेऊन ये मुकाट्याने, म्हातारा वाट बघून राहिला. तू असतास तर हेच केलं असतंस. ठेसाला आणलं असतंस, वर काकांना वडा दिला असतास. मी तू नाही.

"आणते," मी म्हटलं, "पण आधी डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं ते इथे सांगा. सगळ्यांना. मोठ्याने."

"ही वेळ आहे का हे काढायची?"

"हीच आहे."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पानावरच्या माशा वारत होते. मग काका घसा खाकरून, कोर्टात उभे असल्यासारखे बोलले, "वैद्यकीय अहवाल पाहता, सदर मृत्यूस कुत्रा कारणीभूत असल्याचं दिसून येत नाही."

"मराठीत, काका."

"कुत्र्यानं नाही झालं," ते ओरडले. "झालं समाधान?"

मी शीळ घातली. सलीमभाईने दार उघडलं. ठेसा गल्लीतून आला तो नवरदेवासारखा, कोणाकडे न बघता, आणि बाबांसमोर बसला. पानाला तोंड लावेना. बाबा वाकले आणि म्हणाले, "घे रे बाबू. तुझंच आहे." मग त्याने आधी खीर चाटली, मग वडा उचलला, भात ठेवून दिला. आणि सगळे पंगतीला असे धावले, श्रीरंग, की तुझं दुःख कोणाच्या पायात आलं असतं तर तुडवलं गेलं असतं. एकाने मला जाता जाता म्हटलं, "बरं झालं, वेळेवर आलं." हीच माणसं.

मी जिंकले होते. उभी होते तिथेच, ताठ. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्यासमोर आल्या, काकांच्या नाही.

"मंग कायनं झालं?"

"गवतातल्या किडीनं, आई."

"औषध होतं त्याच्यावर?"

मी गप्प राहायला हवं होतं, असं तू म्हणशील. "होतं."

"म्हंजे इथं, माझ्या घरी निजून होता, तवा दिलं असतं तं..."

काकांचं खोटं मी फोडलं, आणि त्या खोट्याच्या आडोशाला त्या बसल्या होत्या. कुत्रं दोषी होतं तोवर त्यांनी तुझ्या तापावर दिलेला काढा निर्दोष होता. गाडीतल्या आपल्या त्या वादात तुझ्या बाजूचा हा सगळ्यात मोठा मुद्दा, आणि तो मांडायला तू तिथे नव्हतास. तरीही मी खोटं बोलणार नव्हते.

"हो आई, वाचला असता. पण मी त्याला तीनदा फोन केला, रक्त तपास म्हणून. ऐकलं नाही."

त्यांनी मान वर केली. मग अगदी हळू, जणू कोणाची चुगली करत असल्यासारखं म्हणाल्या, "मीबी म्हटलं होतं. दोनदा. दवाखान्यात चाल म्हटलं. रिक्षा बोलावली होती मी. त्यानं रिक्षावाल्याले परत पाठवला."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही."

"कशी सांगू? गेलेल्या पोराले दोष देऊ?"

तर हे होतं. तुला दोष द्यायला नको म्हणून त्यांनी मुक्या जनावराला दिला. आणि तुला द्यायला नको म्हणून मी काकांना देत होते, पंगतीला देत होते, त्या शोकसभेतल्या कागदाला देत होते. कागद भिकारच होता, ते मी मागे घेत नाही. काकाही खोटारडेच. पण ताप अंगावर काढला तो तू.

"हेकट होता तुमचा मुलगा," मी म्हटलं.

आईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतील. रडल्याही, पण आधी म्हणाल्या, "लय हेकट. लहानपणी हात मोडला तं तीन दिवस खिशात घालून फिरला, सांगितलं नाही कोणाले."

"हे मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत राहीन? लपवत होता ना."

मग आम्ही मागच्या पायरीवर बसलो. पंगत उठेपर्यंत, आणि नंतरही. त्यांनी तुझा मोडलेला हात सांगितला, मी गॅसची नळी सांगितली. त्यांनी परीक्षेच्या दिवशी लपवलेला गोवर सांगितला, मी चालवत नेलेली पंक्चर गाडी. एकेक काढत गेलो, एकीचं संपलं की दुसरीचं तयार. ठेसा दोघींच्या मध्ये आडवा झाला होता आणि आईंनी त्याला उठवलं नाही.

तुला चांगलं म्हणणारे सगळे आत जेवत होते. आम्ही दोघी बाहेर बसून तुला नावं ठेवत होतो, आणि त्या घरात तेवढाच वेळ तुझ्याबद्दल कोणी खरं बोलत होतं.